कुत्र्याच्या आधी पडलेला माणूस

आमच्या सोसायटीत कुणाला इंग्रजीत अर्ज करायचा असला की तो माझ्याकडे येतो. येत असे, म्हणायला हवं. लिफ्टच्या तक्रारीपासून कुणाच्या नातवाच्या रजेच्या चिठ्ठीपर्यंत सगळा मजकूर माझ्या टेबलावरून जायचा आणि जाता जाता त्यात निदान एक-दोन ‘हॅड’ पडायचे. माझी उभी नोकरी सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली. साहेब न वाचताच सही करायचे. माझ्या इंग्रजीवर त्यांचा गाढ विश्वास आहे, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

‘हॅड’वर माझं पहिल्यापासून प्रेम. साध्या भूतकाळात आहे काय? ‘आय वेंट.’ कुणीही जातं. ‘आय हॅड गॉन’ म्हटलं की जाणाऱ्याला वजन येतं. मराठीत आपण ‘मी काल मंडईत गेलो होतो’ म्हणतो आणि त्या ‘होतो’पायी कुणाचं काही अडत नाही. इंग्रजाचं अडतं. ‘हॅड गॉन’ ऐकलं की तो वाट बघत बसतो: गेला होतास, पण कशाच्या आधी? त्याला दुसरी घटना हवी असते, जिच्या मागे ही पहिली उभी करता येईल. हे मला पाठ होतं. पण साताऱ्यातला इंग्रज कधीच गेला, आता ऐकणार कोण, असा माझा हिशेब.

शाहूपुरीतून पोवई नाक्याकडे जाताना एक कुत्रं माझ्या स्कूटरला आडवं आलं. कुत्रं रस्त्याच्या मधोमध, मी ब्रेक दाबला, स्कूटर घसरली. मला गुडघ्याला खरचटलं, स्कूटरचा हेडलाइट फुटला, मडगार्ड चेपलं आणि हँडल कायमचं डावीकडे बघायला लागलं. कुत्रं थांबलं, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला रस्ता सावकाश ओलांडून गेलं. हा क्रम मनात पक्का ठेवा. पुढे माझ्याकडून तो ठेवला गेला नाही.

गॅरेजवाला म्हणाला, “काका, फर्स्ट पार्टी इन्शुरन्स आहे ना? मग क्लेम टाका. कुत्रं आडवं आलं, एवढंच लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतंय.”

मराठीत! हे तो कुणाला सांगत होता?

फॉर्मवर अपघाताच्या वर्णनासाठी दीडेक ओळ जागा होती. मी ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून स्वतंत्र कागद घेतला आणि कपाटावरून रेन आणि मार्टिनचं व्याकरण खाली काढलं. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेलेले. पुढे १९२४ साली फ्रेंच फॉरिन लीजनवर ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून त्यांनी नाव कमावलं. त्या कादंबरीत वाळवंटातल्या किल्ल्यात मेलेल्या शिपायांना तटाशी उभं करून ठेवतात, म्हणजे शत्रूला वाटावं पलटण अजून जिवंत आहे. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातली काही वाक्यं मला तशीच वाटत आली आहेत.

आमच्या वर्गात मात्र एकच मेलेला होता आणि तो वर्षानुवर्षं मरत होता: ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ आधी घडलेल्याला ‘हॅड’, नंतर घडलेल्याला साधा भूतकाळ. मास्तर फळ्यावर दोन रेघा मारायचे, एक रोग्याची, एक डॉक्टरची, आणि आम्ही वहीत त्या रोग्याला मारायचो. डॉक्टर लवकर का येत नाही, हे कुणी विचारलं नाही. त्या वाक्यातला ‘हॅड’ काढला तरी चालतं, कारण कोण आधी अन् कोण नंतर हे ‘बिफोर’नं सांगितलेलंच असतं, हेही कुणी सांगितलं नाही. आणि सर्वांत घातक गोष्ट तर मला पार निवृत्तीनंतर कळली. ‘बिफोर’च्या पलीकडे, म्हणजे गौण वाक्यात, नंतरच्या घटनेलासुद्धा ‘हॅड’ लागू शकतो. ‘ही लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड माय टी.’ तो गेला आधी, चहा संपायचा होता नंतर, आणि तरी ‘हॅड’ चहाला! कारण इथे तो आधी-नंतर सांगत नाही, पुरं झालं की अर्धवट राहिलं ते सांगतो. माझा चहा पुरा व्हायच्या आत तो गेला.

आता माझं वाक्य बघा. मला म्हणायचं होतं, कुत्रं रस्ता ओलांडून जायच्या आत मी पडलो. म्हणजे कुत्रं रस्त्यात, ओलांडणं अर्धवट, आणि मी जमिनीवर. रोग्याला स्मरून मी लिहिलं: ‘आय हॅड फॉलन बिफोर द डॉग क्रॉस्ड द रोड.’ दोनदा मोठ्यानं वाचलं. काय तोल होता त्या वाक्याला! हिलाही ऐकवलं. ती म्हणाली, “छान आहे, पण गुडघ्याला हळद लावून घ्या.”

सर्व्हेअर म्हणून एक तरुण मुलगा आला. स्कूटरचे फोटो काढले, गॅरेजचं एस्टिमेट बघितलं, मग माझा कागद वाचला. पुन्हा वाचला.

“काका, तुम्ही आधी पडलात आणि कुत्रं नंतर आलं?”

“छे! कुत्रं आलं म्हणून तर पडलो.”

“पण इथं तसं नाही. इथं तुम्ही पडून झालाय आणि मग कुत्र्यानं रस्ता क्रॉस केलाय. म्हणजे कुत्र्याचा काही संबंध नाही.”

पोरगं इंग्रजी माध्यमाचं असावं. त्याला व्याकरणाचा एक नियम सांगता आला नसता, पण कुत्रं त्यानं बरोबर सोडवलं. ‘हॅड’ माझ्याकडून उचलून कुत्र्याकडे ठेवला असता, ‘आय फेल बिफोर द डॉग हॅड क्रॉस्ड द रोड’ असं लिहिलं असतं, तर कुत्रं रस्त्यातच राहिलं असतं. मराठीनं मला अशी वेळ कधी आणली नव्हती. आपल्या ‘ओलांडण्याआधी’त काळ असा नसतोच, कुत्र्याचं काय करायचं ते ऐकणारा आपल्या अकलेनं ठरवतो.

“खुलासा लिहून द्या,” तो म्हणाला, “साधासाच.”

साधासा खुलासा लिहिणारा माणूस त्यांना दुसरीकडे शोधावा लागला असता. मी रात्री बसलो आणि ठरवलं, आता चूक काढायला जागाच ठेवायची नाही. माझ्या भात्यात एक अस्त्र होतं, जे मी सोसायटीच्या अर्जांवर कधी वाया घालवलं नव्हतं: ‘इफ’नंतर ‘हॅड’ आणि पुढे ‘वुड हॅव’. बरेच जण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावून मोकळे होतात. ते मी मरेन पण करणार नाही. मी लिहिलं: ‘इफ आय हॅड सीन द डॉग अर्लियर, आय वुड नॉट हॅव फॉलन.’ मग वाटलं, ‘इफ’ तरी कशाला? जुन्या दरबारी थाटात ‘हॅड’ पुढे आणला की ‘इफ’ला निरोप देता येतो. ‘हॅड आय सीन द डॉग, आय वुड नॉट हॅव फॉलन.’ ‘अर्लियर’नं लय बिघडत होती, म्हणून तोही काढून टाकला.

व्याकरणात एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती. हवं तर रेनसाहेबांना दाखवा. फक्त या रचनेचा स्वभाव असा की तिच्यात जे जे येतं ते घडलेलं नसतं. ‘हॅड आय सीन’ म्हणजे मी पाहिलं नाही. शुद्ध इंग्रजीत, सहीनिशी, मी कंपनीला कळवलं होतं की मी कुत्रं पाहिलंच नाही.

सर्व्हेअरचा फोन आला. आवाजात आता थोडी काळजी होती. “काका, कुत्रं पाहिलं नाही म्हणताय, मग कुत्रं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

माझी भाची त्या आठवड्यात पुण्याहून आली होती. तिनं दोन्ही कागद वाचले, मामाचा मान राखून खिडकीकडे तोंड करून हसली आणि माझ्याच पेननं लिहिलं: ‘अ डॉग रॅन इनटु द रोड. आय ब्रेक्ड. द स्कूटर स्किडेड. आय फेल.’ पहिलीतल्या पोरानं लिहावं तसं. मी म्हटलं, यात एकही ‘हॅड’ नाही. ती म्हणाली, “मामा, जे जसं घडलं त्याच क्रमानं सांगितलं तर लागतच नाही. मागं वळून सांगायचं असेल तेव्हा लागतो.” मी म्हटलं, निदान ‘आय हॅड ब्रेक्ड’ तरी कर. तिनं कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

क्लेम मंजूर झाला. तसं पत्र आलं, छापील, शिक्क्यासह. हिनं देवापुढे ठेवायला मागितलं. मी म्हटलं, थांब, वाचू तरी दे. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: ‘वुई विल रिलीज द पेमेंट आफ्टर यू विल हॅव सबमिटेड द ओरिजिनल बिल्स.’

‘आफ्टर’नंतर ‘विल’! भविष्याची गोष्ट असली तरी ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांच्या उंबऱ्याच्या आत ‘विल’ येत नाही. तिथे नुसतं ‘हॅव सबमिटेड’. हे तर माझ्या हाताखालच्या कारकुनालाही ठाऊक होतं, कारण मी त्याला ते एकदा सर्वांदेखत सांगितलं होतं. ही म्हणाली, “बिलं पाठवा आणि गप्प बसा.” भाचीचाही पुण्याहून तोच फोन.

बिलं मी पाठवली. सोबत त्यांचं पत्रही परत पाठवलं. ‘विल’वर लाल शाईत गोल आणि समासात तीन ओळींचा खुलासा. कचेरीतल्या सवयीप्रमाणे शेवटी ‘कृपया सुधारित पत्र पाठवावे’ असंही लिहिलं. इंग्रजीत, अर्थातच. ही मंडईतून परत यायच्या आत पाकीट पोस्टात पडलेलं होतं.

सुधारित पत्र अजून यायचं आहे. पैसेही. स्कूटर सध्या डावीकडेच वळते.