बिनदाराच्या गावात

शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावायची रीत. 2011 साली युको बँकेनं शाखा काढली, तीही बिनकुलपाची. तिथं आमच्या ओळखीचे दोन स्टार्टअपवाले भागीदार तेल वाहायला गेले. एकजण कंपनी सोडणार होता. दुसरा रांगेतच, तेलकट अंगठ्यानं, त्याचे पासवर्ड बदलत होता.

साडेसातीला निदान साडेसात वर्षांची मुदत असते. स्टार्टअपच्या रिवाजात शेअर चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं पदरात पडतात. वर्ष भरायच्या आत निघालात तर भोपळा. पण करार करताना हे दोघं म्हणाले होते, ‘आपल्यात कसलं आलंय कलम!’ म्हणून अकराव्या महिन्यात निघालेला गडी निम्मी कंपनी काखोटीला मारून चाललाय.

चपला मात्र दोघांनीही बाहेर ठेवल्या नाहीत. पिशवीत घेऊन फिरत होते, आपापल्या.