नुसती चाकं, बाई!

परवा सकाळी कुंपणाच्या तारेवर आधी ओली चादर पडली आणि मग चादरीमागून काकूंचा आवाज आला. "उठलीस का गं? जरा ये इकडे." मी चहाचा कप घेऊनच गेले. काकूंचं 'जरा' पाऊण तासाचं असतं.

"पाऊण लाख," काकू म्हणाल्या. तोंडात कपड्यांचा चिमटा होता, त्यामुळे ते 'पाऊण लाग' असं ऐकू आलं.

"कशाचे?"

"चाकांचे. नुसती चाकं, बाई! सायकल वेगळी. ती दोन वर्षांपूर्वीच झाली. तिला काय चाकं नव्हती? खोका लेकीच्या खोलीत, पलंगाखाली. मला वाटलं, पंखा आला. उघडून बघते तर दोन काळी चाकं, आणि कडा ही एवढी." त्यांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. "ह्यांना विचारलं तर म्हणतात, कार्बन आहे. म्हटलं, कोळसासुद्धा कार्बनच असतो."

काका निवृत्त झाल्यापासून सायकलवर आहेत. आमच्या रविवारच्या कंपूत त्यांच्याइतका नेमाने येणारा कोणी नाही. अंगाने काडीपैलवान, वजन अठ्ठावन्न किलो. या हिवाळ्यात दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची, हा त्यांचा संकल्प. आता चाकांचं खूळ त्यांच्या डोक्यात कोणी भरलं, हा काकूंचा खरा प्रश्न होता आणि तो विचारताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या सायकलला पंचेचाळीस मिलिमीटर उंच कडेच्या चाकांची जोडी आहे.

"तुझी केवढ्याची गं?"

"काकू, चिमटा पडला बघा," मी म्हटलं.

मग मी त्यांना समजावायला घेतलं. चाकाची कडा, म्हणजे रिम, उंच असली की आरे आखूड होतात, चाकाभोवतीची हवा कमी घुसळली जाते आणि चाक हवा जरा नीट कापतं. ही युक्ती आजची नाही. १९८४ साली इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने मेक्सिको सिटीत थाळीसारख्या चाकांवर तासाभरात ५१.१५१ किलोमीटर काटले, तेव्हापासून चाकांच्या मागे लागलेली माणसं थांबलेली नाहीत. सुरुवातीच्या उंच रिमा व्ही आकाराच्या, टोकदार असत. आता त्या गोलसर, यू आकाराच्या येतात. वारा तिरका आला तरी त्या अचानक दगा देत नाहीत.

"ते इटलीचं राहू दे. ह्यांचं काय वाचणार ते सांग."

काकूंनी चौतीस वर्षं बँकेत कर्जखातं सांभाळलंय. त्यांच्यापुढे 'थोडंफार वाचतं' चालत नाही. म्हणून हिशेबच मांडला. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. उलटं गेलं तर तसंच. समजा एखाद्या जोडीने ताशी ४५ किलोमीटरला दहा वॅट वाचतात. जाहिरातीत हाच वेग घेतात, कारण शर्यतीतले लोक त्या वेगाने जातात. काका सपाटीला पंचवीसने जातात. पंचवीसला त्या दहा वॅटचे उरतात पावणेदोनच्या आत.

काकूंनी चादरीचं टोक सोडलं. डोळे मिटून ओठ हलवले. "पंचाहत्तर हजार भागिले पावणेदोन. वॅटमागे बेचाळीस हजारांच्या वर. अगं, गच्चीवर सोलर बसवलं, तेव्हा पंचावन्न रुपये वॅट पडला होता आणि त्यावर हे मला तीन दिवस ऐकवत होते, की महाग घेतलं!"

पुढे बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तरी काकांच्या बाजूने म्हणून सांगितलं, की चाकं हलकीही असतात. सायकलबरोबर येणारी जोडी दोन किलोच्या आसपास भरते, ही दीड किलोच्या.

"अर्धा किलो?" काकू म्हणाल्या. "मग पाण्याची एक बाटली घरी ठेवावी."

त्यातून बीआरएम. तिथे दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास देतात, म्हणजे चहा, मिसळ, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरासुद्धा पडत नाहीत. हे ऐकल्यावर काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमची लुना त्याहून पळायची."

सांगायला हरकत नाही, पैशापेक्षा मला दुसरीच काळजी होती. "काकू, किती मिलिमीटरची आहेत? खोक्यावर आकडा असेल."

"साठ."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. साठ मागे ठीक. पुढे, अठ्ठावन्न किलोच्या माणसाला, आपल्याकडच्या वाऱ्यात? कपड्यांची दोरी समोरच होती, तीच दाखवली. वाऱ्याची झुळूक आली की नाडी नुसती हलते, चादर मात्र अख्खी दोरी ओढून नेते. मागचं चाक सांगाड्यात पक्कं बसलेलं असतं. त्यावर वारा आदळला तर सायकल थोडी कलते, इतकंच. पुढचं चाक हँडलबरोबर वळतं. वारा त्या उंच कडेला धरतो आणि हँडल फिरवतो. तुम्ही सरळ जाताय असं तुम्हाला वाटत असतं, पण चाकाने परस्पर दुसराच रस्ता धरलेला असतो. जितका माणूस हलका, तितकं हे जास्त.

यातला माझा अनुभव स्वतःचा आहे. कंपूतल्या एकाची साठची जोडी मी एकदा उसनी घेतली होती. साताऱ्याहून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पठार. तिथे पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. त्या तिथे का उभ्या केल्या, एवढा साधा विचार मी करायला हवा होता. टेकाडाच्या आडोशाने चालले होते तोवर सगळं सुरळीत. आडोसा संपला त्या क्षणी पश्चिमेचा वारा आला आणि मी पांढऱ्या पट्टीवरून थेट गवतात. पडले नाही, कारण गवत होतं. सलग वाऱ्याची सवय होते. अंग आपोआप त्याच्यावर रेलतं. घात करतो तो आडोशानंतरचा फटका. महामार्गावर ट्रक शेजारून जातो, तेव्हा हेच होतं. क्षणभर वारा बंद, मग एकदम धाडकन. साताऱ्याच्या रस्त्याला एसटीपेक्षा मला एसटीच्या मागून येणारी ही पोकळी जास्त भिववते.

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" काकू म्हणाल्या.

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारतील कसे? मलाच नाही विचारलं."

मोठ्या स्पर्धांतसुद्धा आता लगाम आलाय. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, १ जानेवारी २०२६ पासून घोळक्याने सुटणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतींत रिमची उंची जास्तीत जास्त ६५ मिलिमीटर ठरवली. तिथे धावणारे आयुष्यभर हेच करतात आणि त्यांचा रस्ता बंद केलेला असतो. आपल्या रस्त्यावर म्हैस असते.

मग काकूंनी स्वतःहून बातमी दिली, कारण गप्पांत एकीकडूनच माल जात राहिला तर त्यांना करमत नाही. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी म्हणे जुनी कार्बनची चाकं स्वस्तात घेतली होती, 'ती कडेलाच ब्रेक लागतो ती.' सिंहगडावरून उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर फटाक्यासारखा आवाज आला. डॉक्टरीणबाई सगळ्यांना सांगतात, की हे गाडीनेच गेले होते. हा किस्सा मला माहीत होता. पण काकूंच्या तोंडून ऐकण्यात वेगळी मजा. खरं कारण साधं आहे. रिमवर दाबून धरणारा ब्रेक घाटभर लावून ठेवला, की कडा तापते. ॲल्युमिनियम ती उष्णता पसरवून टाकतं, कार्बनमधली राळ मऊ पडते आणि आतली ट्यूब फुटते. पावसात तर असा ब्रेक लागायलाच उशीर. काकांच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, तेव्हा ही भीती नाही. वापरलेली चाकं स्वस्तात मिळतायत म्हणून कोणी आनंदाने धावत असेल, तर आधी ब्रेक कुठे लागतो ते बघावं.

"टायरमध्ये हवा किती भरतात हो काका?"

"शंभर. रोज. अंगठ्याने दाबून बघतात, दगड झाला पाहिजे म्हणतात."

आता मी खरीच घाबरले. खोक्यावरचं नाव काकूंना विचारून मी फोनवर पाहिलं. रिम हुकलेस निघाली. पूर्वी रिमच्या आतल्या काठाला टायर अडकायला बारीक आकडा असायचा. हुकलेसमध्ये तो नसतो, टायर नुसता बसतो. म्हणून अशा रिमला हवेची मर्यादा आहे, ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. वर टायरही त्या रिमला चालणाराच हवा. २०२४च्या फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये बेल्जियमच्या टॉमस डी गेन्टचा टायर भर शर्यतीत अशा रिमवरून निघून आला आणि हुकलेसवरचा वाद तेव्हापासून धगधगतोच आहे. काकांच्या वजनाला अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरमध्ये साठ पीएसआय पुरतात. पुण्यातल्या खड्ड्यांवर साठवाला टायर उलट जास्त पळतो, कारण दगड झालेला टायर उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीत वेग सांडतो. पण सायकलच्या दुकानात अंगठ्याने टायर दाबून मोठ्या झालेल्या पिढीला हे पटवणं सोपं नाही. माझ्या वडिलांना अजून पटलेलं नाही.

रुंदीचीही एक खुबी आहे. रिम बाहेरून टायरपेक्षा निदान पाच टक्के रुंद हवी, म्हणजे टायर अठ्ठावीस भरला तर रिम साडेएकोणतीसच्या आसपास. अरुंद रिमवर बत्तीसचा टायर फुगवून बसवला तर उंचीसाठी मोजलेले पैसे टायरच्या बगलेतून वाऱ्यावर जातात. बाकी हब, ॲक्सल, मागची कॅसेट बसते की नाही, या गोष्टी दुकानदाराला सायकल दाखवून विचारल्या की झालं.

एक मात्र काकूंना मुद्दाम सांगितलं, व्हॉल्व्हचं. साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उंच रिममधून डोकंच वर काढत नाही. पन्नासच्या रिमला पासष्ट ते ऐंशीचा लागतो, साठला ऐंशीचा. आमच्यातला एक जण भोरच्या रस्त्यावर पंक्चर होऊन बसला होता. दोन ट्यूबा होत्या, पंप होता, आणि व्हॉल्व्ह रिमच्या पोटात. टेम्पोत कोंबड्यांच्या शेजारी बसून आला.

चादरीच्या पलीकडून कोणीतरी खाकरलं. काका होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"पण तूसुद्धा घेतलीस ना?" ते म्हणाले. आवाज असा, जणू मीच त्यांना फसवलं.

मग खरं बोलावं लागलं. मी पंचेचाळीसची घेतली ती वॅटसाठी नाहीच. पहाटे एनडीएच्या रस्त्याला वारा पडलेला असतो. उभं राहून पॅडल मारलं की ती पोकळ रिम व्हुम्म, व्हुम्म असा घुमारा काढते. तो आवाज पहिल्यांदा दुसऱ्याच्या सायकलचा ऐकला आणि मी गेले. सहा महिने रात्री झोपताना तो ऐकू यायचा. वेग वाढला का? दोन चांगले टायर दहा-बारा हजारांत घेतले, तेव्हा त्याहून जास्त फरक पडला. तोही प्रत्येक वेगाला, चढालासुद्धा. फडफडणारं जॅकेट सोडून अंगाबरोबरची जर्सी घातली, तेव्हाही पडला. वाऱ्याला अडवतं ते मुख्यतः आपलं अंग, चाकाचा नंबर नंतर.

"मग आवाजाचे पाऊण लाख?" काकू.

"हार्मोनियमचे किती दिले होतेस?" काका म्हणाले. काकूंनी हार्मोनियम तीनदा वाजवली आहे.

यावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. ती मीच मोडली. काकांना म्हटलं, हौस करायचीच तर करा, पण पुढचं पस्तीस करा. मागे पन्नास. आवाज मागचं चाकही काढतं, आणि वाऱ्याने ओढलं तरी हँडल तुमच्या हातात राहील. एकेकट्याने घड्याळाशी धावायच्या टाइम ट्रायलला उतरणारे तरी काय करतात? बहुतेक जण मागे थाळी लावतात आणि पुढे आऱ्यांचं चाक. वर आकडेवाली रिम मागा, म्हणजे अंगठा चुकला तरी निभावेल. पण अंगठ्यावर जाऊ नका, पंपाचा काटा बघा.

काका चाकं उघडून बसवायला निघाले होते. काकूंनी फोन मागितला आणि दुकानाला स्वतः लावला. चौतीस वर्षांची वसुली त्या आवाजात होती. चाकं अजून बसवलेली नाहीत, टायर चढवलेला नाही, खोका धड आहे, बदलून द्या, आणि पस्तीसचं स्वस्त असेल तर वरचे पैसे परत. चार मिनिटांत काम झालं. वरच्या पैशांतून चांगले टायर घ्यायचे ठरले.

काल नवा खोका आला. पुढे पस्तीस, मागे पन्नास, दोन्हीला आतून आकडे. टायर मी चढवले आणि हवा साठ भरली. काकांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खडकवासल्याला जाऊन आले. आल्यावर काही बोलले नाहीत. पण आज पहाटे साडेपाचला पुन्हा गेले.

काकू मात्र विसरलेल्या नाहीत. आज चादर नव्हती, दोरीही रिकामी होती. तरी कुंपणापाशी उभ्या. "तुझी केवढ्याची ते राहिलंच सांगायचं."

सांगितलं. कानात. आता वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. आमच्या घरी आलात आणि चाकांचा विषय निघाला, तर ती सेकंडहँड आहेत आणि अठरा हजारांची आहेत.