बिनलायसन्सचा सारथी : नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

खरी मोटार चालवायला कायद्याने अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मोबाईलवरच्या खेळातल्या मोटारीसाठी दोन अंगठे पुरतात. अल्पवयीन चिरंजीवांच्या हाती खरी गाडी सापडली, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोन दिल्यास तसे काही होत नाही. फक्त तो परत मिळत नाही.

प्रथम आसन. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून बसावे. फोनचे कव्हर काढून ठेवावे, कारण हे खेळ फोन चांगलाच तापवतात. आणि फोन तापला की त्यातला प्रोसेसर जिवाच्या भीतीने स्वतःच मंद होतो, ताशी दोनशेने निघालेली गाडी मग उचक्या देत चालते. फोन तिरपा करून वळण्याची पद्धत निवडली असेल, तर वळणावर आधी मान, मग खांदा, शेवटी कंबर वळते. शेजारी बसलेल्या आजीला आधीच सरकायला सांगावे.

श्रीगणेशा ‘एक्स्ट्रीम कार ड्रायव्हिंग सिम्युलेटर’ने करावा. स्पेनमधल्या सेव्हिलच्या ॲक्सेसइनमोशन कंपनीचा हा २०१४ चा खेळ. अख्खे शहर मोकळे, आणि पोलीस मागे लागणार नाहीत ही ग्वाही कंपनीच देते. गाडी घसरू नये म्हणून अभियंत्यांनी वर्षानुवर्षे डोके झिजवून केलेल्या एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी या तिन्ही सोयी इथे बटणाने बंद करता येतात. खरा साधक आधी तेवढेच करतो. गाडी खांबावर आदळून चेपली, तरी क्षणात पुन्हा नवीकोरी होते. ‘उद्या संध्याकाळी चक्कर मारा’ असे कोणी गॅरेजवाला म्हणत नाही, इतके हे जग काल्पनिक आहे.

समोर इमारत अचानक उगवली, तर बिल्डरला दोष देऊ नये. फोनला झेपेल तेवढेच जग खेळ रंगवतो. नजरेआडची वाहतूक बहुधा पुसलीच जाते.

दुचाकीची हौस असल्यास ‘इंडियन बाईक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’. खेळातल्या फोनवर ठरावीक आकडे दाबले की बाईक समोर हजर. ना शोरूम, ना हप्ते, ना आरटीओ. लिंबू कुठल्या चाकाखाली ठेवायचे, एवढा प्रश्न तेवढा अनुत्तरित राहतो.

आता मुख्य विद्या. गाडी चालवणे दोन दिवसांत जमते. जाहिरात बंद करायला साधना लागते. नवी गाडी हवी, तर तीस सेकंदांची जाहिरात पाहा. नाणी दुप्पट हवीत, तर आणखी एक. तीस सेकंद संपले की कोपऱ्यात राखाडी वर्तुळ उमटते आणि त्यात मुंगीएवढी फुली. झडप घालू नये. पहिली फुली पुष्कळदा चित्राचाच भाग असते. खरी नंतर, भलत्याच कोपऱ्यात उगवते, आणि बोट केसभर सरकले की ॲप स्टोअर उघडून पाच मिनिटांत कर्ज देणारे कोणीतरी पुढ्यात उभे राहते. तिथून मागे यावे, तर जाहिरात पुन्हा पहिल्यापासून. काही चतुर लोक फोन विमान मोडवर टाकून खेळतात. पण मग जाहिरातीबरोबर तिच्यावर मिळणारी नाणीही जातात. टोल चुकवायला गावातून गाडी घालावी आणि लग्नाच्या वरातीमागे अडकावे, तसला हा फायदा.

रस्त्यावर इतकी मनमानी झाली की कोणालाही कंटाळा येतो. तेव्हा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’कडे वळावे. मालेओ कंपनीचा हा २०१७ चा खेळ माझ्या मते या सर्वांत अव्वल. चालू गाडीत जाहिरात दाखवणार नाही, असे वचनच तो देतो. इंडोनेशियातही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला परके वाटत नाही. तिकडे २०१६ च्या अखेरीस मुले रस्त्याकडेला पाट्या धरून बसच्या सुरेल हॉर्नसाठी ‘ओम तेलोलेत ओम’ असा पुकारा करत आणि जगभर त्याचे वेड पसरले होते. तो हॉर्न खेळात आहे. घरातले झोपल्यावर वाजवू नये.

बसला हवी ती रंगसंगती चढवता येते, हवे ते वाहनही बाहेरून आणता येते. म्हणून आपली मुले एसटीचा लाल रंग लावतात आणि जावा बेटावर लालपरी धावू लागते. ती उतरवून घ्यायची फाईल मात्र कधी कधी कुलूपबंद असते आणि पासवर्ड एखाद्या लांबलचक व्हिडिओत मध्येच कुठेतरी पुटपुटलेला असतो. व्हिडिओ पुढे ढकलू नये. पासवर्ड हमखास ढकललेल्या भागातच असतो.

बसवर बसल्यावर स्वभावात पडणारा फरक पाहून दचकू नये. काल फुटपाथवरून गाडी घालणारा आज इंडिकेटर देतो, सिग्नलला थांबतो, आणि वेळेत स्टँड गाठायच्या चिंतेने जेवायला उठत नाही. अशात स्वयंपाकघरातून दही आणायची हाक आली, तर मान वर न करता ‘गाडीत प्रवासी आहेत’ असे कळवावे. प्रवासी इंडोनेशियाचे असल्याने आईला चौकशी करता येणार नाही.