डिफची दुरुस्ती: नवशिक्यांसाठी सूचना

दोन फायलींत फरक काय ते सांगणारा ‘डिफ’ बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिला आणि १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. पन्नास वर्षं घासूनपुसून वापरलेल्या हत्यारात आता कसली चूक उरली असणार, असं वाटत असेल तर हे काम घेऊ नये. चूक आहेच, अशा खात्रीनेच बसावं. ती आपली आहे, हे संध्याकाळपर्यंत कळतं.

आधी फाइल तिच्याशीच ताडून पाहावी. पडद्यावर काहीच उमटलं नाही तर घाबरू नये. फरक नसला की डिफ अवाक्षर काढत नाही. मग रिकामी फाइल भरलेल्या फायलीशी, आणि जागा बदलून पुन्हा.

नवशिक्याला पहिला ‘बग’ इथेच सापडतो. फरक दिसला की डिफ १ हा एक्झिट कोड देतो. शेलच्या लेखी शून्य सोडून बाकी सगळे नापास, त्यामुळे ‘सेट डॅश ई’ लावलेली स्क्रिप्ट तिथेच बसकण मारते. उत्साही मंडळी लगेच १ चा ० करतात. टेस्ट हिरव्या होतात, पेढे वाटले जातात आणि त्या दिवसापासून स्क्रिप्टला कुठल्याही दोन फायली सारख्याच वाटतात. ० म्हणजे सारख्या, १ म्हणजे वेगळ्या, २ म्हणजे खरी अडचण. याला हात लावू नये.

आता मराठी फाइल घ्यावी. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोघांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलेला असावा. दिसायला जुळे भाऊ, पण डिफ ती ओळ दोनदा छापतो, एकदा जुनी म्हणून, एकदा नवी म्हणून. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडलेला असतो. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा जोडक घातलेला असतो. तिसरा एखादा र खाली नुक्ता देतो. पहिला आणि तिसरा एकच, असा युनिकोडचा निवाडा आहे. जोडकवाला मात्र नॉर्मलायझेशननंतरही वेगळाच राहतो. डिफला यातलं काही ठाऊक नाही, तो बाइट मोजतो. हा बग का? माझ्या मते नाही. गुपचूप तिघांना एक केलंत, तर शोधताना निम्मेच ‘दुसऱ्या’ का सापडतात याचा पत्ता कधीच लागणार नाही. तक्रारदाराला चहा द्यावा आणि दोन्ही फायली बाइट बाइट उलगडून दाखवाव्यात.

मोकळ्या जागांवरून कुरकुर आली तर डॅश डब्ल्यू सुचवावा. फाइल पायथनची असेल तर सुचवू नये.

डिफच्या टेस्टचा निकाल डिफनेच तपासणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्यापेक्षा निघालेला फरक ‘पॅच’ने पहिल्या फायलीवर चढवावा आणि दुसरी जशीच्या तशी तयार होते का, ते ‘सीएमपी’ने पाहावं.

सगळं जमलं की निकाल जपून ठेवावासा वाटतो. तेव्हा ‘डिफ अ ब > अ’ असं लिहू नका. शेल आधी अ रिकामी करतं, मगच डिफला हाक मारतं. ब मधली एकूण एक ओळ नवी आहे, असा अहवाल डिफ इमानेइतबारे अ मध्येच लिहून ठेवतो.