फौजदारी तज्ज्ञ

शहापूर-मुरबाडकडच्या वकिलाच्या पाटीवर ‘फौजदारी तज्ज्ञ’ असतं. पोट सातबारावर चालतं. शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाने मोबदला आणला, मोबदल्याने भाऊबंदकी, भाऊबंदकीने डोकी फुटली. दिवाणीतलं अशील असं आपसूक फौजदारीत आलं. जाहिरातीचा खर्च शून्य.

१ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३०२चं १०३ झालं, ४२०चं ३१८. त्याआधीचे गुन्हे मात्र जुन्याच कलमांवर चालायचे, म्हणून दोन्ही पुस्तकं बगलेत. अशिलाला संहितांशी कर्तव्य नाही; त्याचं एकच, “साहेब, जामीन आजच ना?”

आणि फी? “भात झोडलं की देतो.” कुठल्या वर्षीचं भात, हे उलटतपासणीतही बाहेर येत नाही.