नेटकाका : लक्षणे, कार्यपद्धती आणि उपयुक्तता

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असे तीन पदाधिकारी असतात आणि त्यांचे अधिकार उपविधींमध्ये नमूद केलेले असतात; परंतु जवळजवळ प्रत्येक संस्थेत आढळणाऱ्या चौथ्या पदाचा उल्लेख १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कोठेही नाही. हे पद नेटकाकांचे. एखाद्या घरात नवा संगणक आला आणि तो काही केल्या इंटरनेटला जोडला जाईना, की ज्या व्यक्तीला सर्वप्रथम बोलावणे जाते, आणि जी बोलावणे पोहोचण्यापूर्वीच जिन्यात दिसू लागते, ती व्यक्ती म्हणजे नेटकाका, अशी या पदाची कामचलाऊ व्याख्या करता येईल. या पदाला निवडणूक नाही, मुदत नाही, मानधन नाही आणि राजीनाम्याची सोयही नाही. सचिव बदलतात, टाकी धुणारे ठेकेदार बदलतात, गच्चीच्या चावीवरून कार्यकारिणी बरखास्त होते. नेटकाका मात्र तेच राहतात.

या वर्गातील सर्वांत कसलेला नमुना निवृत्त बँक अधिकाऱ्यांमध्ये सापडतो आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीने १९८४ साली अहवाल दिल्यानंतर शाखाशाखांत खतावणीची यंत्रे, म्हणजे हाताने लिहायच्या लेजरच्या जागी नोंदी ठेवणारी संगणकाची प्राथमिक रूपे, दाखल होऊ लागली. कर्मचारी संघटनांचा या यंत्रांना विरोध होता. त्यामुळे संगणकाने नोकऱ्या जाणार म्हणून घोषणा देणारा तरुण कारकून आणि त्याच संगणकावर टॉवेल झाकून त्याच्या खोलीत चपला घालून येणाऱ्यांना हाकलणारा प्रौढ अधिकारी, या दोन्ही भूमिका एकाच माणसाने एकाच शाखेत पार पाडल्याचे आढळते. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मॉडेम, म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून जाऊ शकेल अशा आवाजात बदलणारा डबा, प्रथम ज्यांनी घरी आणला त्यांत ही मंडळी होती. त्या डब्याची किरकिर ऐकून नेट लागणार की नाही हे आधीच ओळखता येत असे, असे नेटकाका आजही सांगतात, आणि ते बरेचसे खरे असल्यामुळे त्यांच्या इतर विधानांनाही नाहक वजन प्राप्त होते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा किंवा एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेला पुतण्या हे उपप्रकारही अस्तित्वात आहेत. परंतु ते परीक्षेच्या काळात उपलब्ध नसतात आणि काम झाल्यावर बसत नाहीत, म्हणून येथे त्यांचा विचार केलेला नाही.

नेटकाकांच्या आगमनाचा प्रसंग ठरीव असतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जुळवून आणलेला, म्हणजे लोक ज्याला ‘असेम्बल केलेला’ म्हणतात तसा संगणक पाडव्याच्या मुहूर्तावर टेबलावर मांडला जातो, मॉनिटरच्या कडेला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात इंटरनेट नसल्याची खूण उमटते. ही खूण कशी ठरते हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोज ही प्रणाली जोडणी होताच आपल्या निर्मात्याच्या एका ठरावीक ठिकाणाहून तीन इंग्रजी शब्दांची एक चिमुकली मजकूर-फाइल मागवून पाहते. ती आली तर इंटरनेट आहे आणि न आल्यास नाही, इतका हा व्यवहार सरळ असतो. नेटकाकांच्या मते मात्र ती खूण म्हणजे ‘सर्व्हर डाउन’ असल्याचा पुरावा होय. कोणता सर्व्हर, हा प्रश्न त्यांना बँकेच्या काउंटरवर तीस वर्षे कोणी विचारला नाही आणि या घरातही कोणी विचारत नाही.

त्यांच्या तपासपद्धतीचे वैशिष्ट्य लक्षात येण्यासाठी थोडी तांत्रिक पार्श्वभूमी आवश्यक आहे. संगणकांच्या परस्परसंपर्काचे सात थर कल्पिणारा एक नमुना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने योगायोगाने त्याच १९८४ साली प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत खालचा थर भौतिक, म्हणजे वायर, पिन आणि त्यांतून जाणारा संकेत यांचा असतो, तर सर्वांत वरच्या थरात वापरात असलेल्या प्रोग्रॅमांची देवाणघेवाण येते. जाणकार दुरुस्तीकार खालून वर जातो, कारण वायरच लागलेली नसेल तर वरच्या सहा थरांची चौकशी व्यर्थ असते. नेटकाका वरून खाली येतात. याचे कारण सैद्धांतिक नसून त्यांचे गुडघे हे आहे. नेटची वायर जेथे खोचतात ते छिद्र, ज्याला लॅन पोर्ट म्हणतात, संगणकाच्या खोक्याच्या मागे आणि खोके टेबलाखाली असते. त्या छिद्रापाशी एक इवला दिवा असतो आणि वायर नीट बसून पलीकडचे यंत्र जिवंत असेल तर तो पेटतो. एवढा एक दिवा पाहिला तर निम्मे निदान तेथेच होते, परंतु तो पाहण्यासाठी ओणवे व्हावे लागते. त्यामुळे ब्राउझर बदलून पाहणे, ‘हिस्टरी’ पुसणे आणि व्हायरस शिरल्याची शंका व्यक्त करणे हे सर्व टप्पे उरकल्यानंतर, चहाचा कप खाली ठेवताना, घरातील एखाद्या लहान मुलाला ‘बाळा, जरा खाली शीर आणि वायर दाब बरं’ अशी आज्ञा होते. बाळ वायर दाबते, ‘कट्’ असा आवाज होतो आणि कित्येक घरांत प्रकरण येथेच संपते. श्रेय अर्थातच हिस्टरी पुसण्याला जाते.

कृती बरोबर आणि कारणमीमांसा चुकीची, हे या व्यक्तिमत्त्वाचे मर्म आहे, आणि राउटरच्या बाबतीत ते सर्वांत ठसठशीतपणे दिसते. राउटर म्हणजे बाहेरून आलेली एक जोडणी घरातल्या अनेक यंत्रांना वाटून देणारा डबा होय. नेटकाका त्याच्याकडे पाहून विचारतात, “वहिनी, हा चालू करून किती दिवस झाले?” “बसवल्यापासून चालूच आहे की, भावजी.” “मग दमणार नाही तर काय होईल?” असे म्हणून ते त्याची पिन उपटतात, हात लावून ऊब पाहतात, ‘थंड होऊ द्या’ असे बजावतात आणि मनगटावरील घड्याळात अर्धे मिनिट मोजून पिन पुन्हा खोचतात. राउटर दमत नाही. परंतु तो महिनोन्‌महिने चालू राहिला की त्याच्या आतील प्रोग्रॅम कधीकधी अडकून बसतो, जोडण्यांच्या जुन्या नोंदींनी त्याची तुटपुंजी स्मृती भरते, आणि वीज तोडल्यावर हे सारे पुसले जाऊन तो सेवा पुरवठादाराशी नव्याने बोलणी सुरू करतो. टोल-फ्री क्रमांकावरील प्रशिक्षित प्रतिनिधीही पहिला सल्ला हाच देतो; फरक इतकाच की प्रतिनिधी चहा घेत नाही आणि तक्रार क्रमांक देऊन अंतर्धान पावतो.

तारखेचेही असेच. बराच काळ पडून राहिलेल्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी उतरली असेल, तर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या संगणकाला अजून मुदत सुरूच न झालेली वाटतात आणि नेट चालू असूनही पाने उघडत नाहीत. हा दोष भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. नेटकाकांच्या तो तत्काळ लक्षात येतो, कारण शाखेत सकाळी तारीख टाकल्याशिवाय दिवस सुरू होत नसे आणि तारीख चुकलेले यंत्र समोर पाहून त्यांना खरोखर अस्वस्थ वाटते. ते तारीख दुरुस्त करतात, पाने उघडतात, आणि प्रमाणपत्र नावाची काही वस्तू या व्यवहारात होती हे त्यांना कधीच कळत नाही.

वायफायचा पासवर्ड हे एक छोटे प्रकरण आहे. तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने लिहिलेला असतो आणि त्यातील शेवटचे अक्षर शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’ यावर घरात दोन तट असतात.

खरा पेच वेगळाच असतो. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्या सवयीमुळे प्रत्येक यंत्रात वायफाय असतेच अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः टेबलावरील संगणकाच्या अनेक स्वस्त मदरबोर्डांत वायफायची सोयच नसते. अशा वेळी डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी आणि वायफायचे संकेत पकडणारी चिमटीएवढी वस्तू आणली जाते. ती चालण्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूशी कसे बोलावे हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम लागतो. तो खोक्यातील सीडीवर असतो. नव्या संगणकाला सीडीचा कप्पा नसतो. आणि सीडी नसल्यास ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, अशी सूचना खोक्यावर छापलेली असते. इंटरनेट लागावे म्हणून इंटरनेटवरून वस्तू आणण्याचा हा उपदेश वाचून अनेक गृहस्थ संगणक दुकानात परत नेण्याच्या निर्णयाप्रत येतात. येथे नेटकाकांचे कर्तृत्व मान्य करावेच लागेल. ते स्वतःचा मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडतात, त्यात यूएसबी टिदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट वायरीतून संगणकाला देण्याची सोय सुरू करतात आणि गप्प बसून राहतात. थोड्याच वेळात विंडोज हवा असलेला ड्रायव्हर बहुधा स्वतःच शोधून बसवते. ‘मोबाइलचं नेट आत सोडलं की वाट मोकळी होते,’ हे त्यांचे स्पष्टीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. परंतु या युक्तीने सुटलेल्या गृहस्थाला पाठ्यपुस्तकाची गरज उरलेली नसते.

आणखी एक प्रकार आहे आणि तो खास आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या राज्यातला आहे. पुष्कळ इमारतींत नेटची वायर गच्चीवरून गच्चीवर लोंबकळत येते आणि राउटरशिवाय थेट संगणकात खोचलेली असते. जुन्या संगणकावर नेट चालत होते, नव्यात तीच वायर खोचली, दिवाही पेटला, तरी नेट येत नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मॅक पत्ता नावाची बारा अंकाक्षरांची ओळख मिळते, आणि एका ग्राहकाच्या वायरीवर दुसऱ्याने डल्ला मारू नये म्हणून केबलवाला ती ओळख आपल्याकडे नोंदवून ठेवतो. बँकेत सहीचा नमुना जुळल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, तसे नोंद जुळल्याशिवाय नेट मिळत नाही. नवा संगणक नेटवर वापरायचा पत्ता मागतो, पलीकडून उत्तर येत नाही, आणि शेवटी तो १६९.२५४ ने सुरू होणारा आकड्यांचा एक पत्ता स्वतःच स्वतःला बहाल करतो. हा आकडा म्हणजे हताश झाल्याची जाहीर कबुली असते. नेटकाका तो चष्मा कपाळावर सरकवून वाचतात आणि समाधानाने म्हणतात, “पत्ता तर आलाय. म्हणजे आपल्याकडचं काम झालं, आता पुढचं त्यांच्याकडे.” युक्तिवाद साफ उलटा आहे, निष्कर्ष तंतोतंत बरोबर आहे.

यानंतर ते फोन लावतात. केबलवाल्याच्या कार्यालयाचा क्रमांक सर्वांकडे असतो आणि तो कोणी उचलत नाही. नेटकाकांकडे, जो मुलगा प्रत्यक्ष गच्चीवर चढतो आणि नोंदी बदलतो, त्याचा क्रमांक असतो. “अरे, मी ए विंगमधून बोलतोय. जेवलास का? बरं, तो मॅक बदल रे तेवढा. सांगतो, लिहून घे,” एवढ्या संभाषणाने, इतर कोणत्याही मार्गाने चार दिवस लागले असते ते काम, भाकरी भाजून होईपर्यंत उरकते. त्या मुलाच्या बहिणीच्या शिक्षणकर्जाचा अर्ज नेटकाकांनी भरून दिलेला असतो, पावसाळ्यात गच्चीवर आला की त्याला त्यांच्याकडे टॉवेल मिळतो, आणि ‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असे ध्वनिमुद्रित वाक्य त्याने त्यांना कधी ऐकवलेले नसते. नेटकाकांच्या कौशल्याचे मोजमाप करताना संगणकाकडेच पाहिले, तर हा भाग हिशेबात येत नाही आणि ते निव्वळ लुडबुडे ठरतात. तसे मानणारे तरुण रहिवासी प्रत्येक संस्थेत असतात, आणि त्यांचेही नेट अखेर त्याच फोनने सुरू होते.

अपयशाचे प्रसंग येतात, पण टिकत नाहीत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जोडणीची पेटी असते, तिला वीज त्या इमारतीच्या मीटरमधून येते, आणि तेथली वीज गेली की या इमारतीतले नेट जाते. नेटकाका अशा वेळी सर्व उपाय करून थकतात, ‘उद्या बघू’ म्हणून उठतात, आणि ते चपला घालत असताना तेथील वीज येऊन नेट सुरू होते. शेवटची कृती कोणती होती याचा शोध मग घेतला जातो, आणि पुढील वेळी ती कृती, मग ती माऊस पुसण्याची का असेना, उपायांच्या यादीत कायमची दाखल होते.

नवा संगणक घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने मदरबोर्डात वायफाय आहे की नाही हे दुकानातच विचारून घ्यावे, जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याचा मॅक पत्ता लिहून ठेवावा, आणि नेट येत नसल्यास प्रथम वाकून तो दिवा पाहावा. केबलवाल्याच्या मुलाचा नंबर मात्र नेटकाकांकडे मागू नये. ‘मी बोलतो ना त्याच्याशी’ यापलीकडे त्यांच्याकडून कोणालाही काही मिळालेले नाही.