सिरोंच्यात सफरचंद कसे लावावे

सर्वप्रथम, घरात सफरचंदाचे नाव काढू नये. ‘फळझाड मागवले आहे’ एवढेच सांगावे, म्हणजे पार्सल येईपर्यंत शांतता टिकते. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारे एचआरएमएन-९९ हे वाण काढले. त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि आपल्याला निमित्त मिळाले. सफरचंदाच्या बहुतेक जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारेक तास लागतात. सिरोंच्यात तेवढे तास भरायचे तर झाडासकट फ्रीजमध्ये राहायला जावे लागेल.

रोप डिसेंबर-जानेवारीत येते. पिशवी नाही, माती नाही, पान नाही. ओल्या कागदात गुंडाळलेली काडी आणि तिला लोंबणाऱ्या मुळ्या. घरातले वडीलधारे विचारतील, “या काडीचे पैसे दिले?” झाड झोपेत आहे, असे सांगून पाहावे. “मेलेलंबी असंच दिसते,” हे उत्तर येईल आणि ते शास्त्राने खोडता येणार नाही. वाद न घालता मुळ्या बादलीत बुडवाव्यात. काही तास पुरेत, रात्रभराहून जास्त नको. तुटकी मुळे कात्रीने साफ कापावीत. मुळांना वारा लागू देऊ नये. बादली मागणाऱ्यांनाही जवळ येऊ देऊ नये.

खड्डा खणायला बोलावलेला माणूस वनविभागाच्या रोपवाटिकेत राबलेला निघण्याची शक्यता दाट. त्याच्यासमोर उघड्या मुळांच्या लागवडीचे तंत्र गंभीर आवाजात वाचून दाखवावे. तो ऐकून घेतो. सागाचे स्टंप त्याने इतके लावलेले असतात की मोजदाद नाही : वर्षभराचे रोप उपटायचे, खोड दोन बोटे आणि मूळ वीतभर ठेवून बाकीचे छाटायचे, पोत्यात बांधून जंगलात न्यायचे, सबलीने भोक पाडून खोचायचे, टाचेने माती दाबायची. आपले वाचन संपले की तो एवढेच विचारतो, “अन् पाऊस कवा हाय?”

हा प्रश्न पुस्तकात नसतो. स्टंप पावसाच्या तोंडावर लागतात. सफरचंद जानेवारीत लावायचे, कारण पहाडात थंडीनंतर वसंत येतो. आपल्याकडे थंडीनंतर मार्च येतो, मग एप्रिल, मग मे, आणि तोवर पारा पंचेचाळीसच्या पुढे. तेव्हा प्रश्न ऐकू न आल्यासारखे करून खड्डा पुरा करून घ्यावा. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे, कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील असे पाहावे. आळ्यात धानाची तणीस अंथरावी. ती उधईलाही फार आवडते, म्हणून निंबोळी पेंड घालावी. पश्चिमेला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा, खोडाला चुना, बुंध्याशी पाझरते मडके. मे महिन्यात घरातल्या कोणाचीही एवढी बडदास्त होत नाही, हे घरातले बोलून दाखवतीलच.

सल्ला मराठीत मिळेल, तेलुगूतही मिळेल. शेजारची बकरी दोन्ही भाषांत ऐकत नाही. काटेरी कुंपण करावे.

मन खचल्यास सिरोंच्याजवळच्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात जाऊन यावे. डायनासोरांच्या काळातले दगड झालेले वृक्षांचे ओंडके तिथे पाहायला मिळतात. सिरोंच्याची माती झाड कोट्यवधी वर्षे सांभाळू शकते, याचा हा भक्कम पुरावा आहे. झाड जिवंत राहील, असे मातीने कधी म्हटलेले नाही.

याच उन्हाळ्यात गावातला कलेक्टर आंबा पिकू लागतो. इंग्रजांच्या काळातल्या साहेबाच्या हुद्द्याचे नाव मिरवणारे, किलोभराच्या घरात जाणारे ते फळ. त्या जुन्या झाडांना तट्टा नाही, चुना नाही, मडके नाही. कोणी दोन आंबे आणून दिले तर नाही म्हणू नये. मात्र कोय सफरचंदाच्या आळ्याजवळ चुकूनही टाकू नये. तिथे रोजचे पाणी आहे, शेणखत आहे; पहिल्या पावसात ती उगवली, तर पाहुण्यांना नेमके कोणते झाड दाखवायचे हा पेच उभा राहील.